आत्याबाईचा शेवटचा बार

मी, खाली सही करणारी श्रीमती लीलाबाई पुंडलिक हिवराळे, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडची निदेशिका, सध्या निवृत्त, राहणार बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर, आज पूर्ण शुद्धीत, स्वखुशीनं, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय आणि चहा पिऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "गुरुवार. आणि तुमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, सेल टाका." त्यांनी दाखला लगेच दिला. सेल टाकला का नाही, माहीत नाही. दडपणाचं म्हणाल, तर ते आणायचे प्रयत्न झाले, त्याची हकिगत कलम सहामध्ये येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलंय असं कुणी सांगत आलं तर खुशाल खोटं समजावं. हे मृत्युपत्र घरात सोफ्यावर बसून वाचायचं नाही. माझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला की पुढच्या रविवारी सगळ्यांनी पिशोरला, माझा धाकटा भाऊ संघपाल याच्या शेतात जमायचं. कलम एक ते नऊ तिथं वाचायची, मग माझ्या नावानं तोफेचा एक बार काढायचा. कलम दहा वेगळ्या पानावर आहे, ते पान मी दोऱ्यानं शिवून टाकलं आहे. ते कधी उसवायचं हे वकीलबाई मेघा वाकळे यांना सांगून ठेवलंय. तोवर त्यांचं डोकं खाऊ नये.

कलम १. घर. बजाजनगरचं रो-हाऊस मुलगा राजकुमार आणि सून रूपाली यांना निम्मं-निम्मं. निम्मं म्हणजे निम्मं. रूपालीचं नाव दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात लिहायचं नाही. घर विकायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतील, आणि रूपाली सही करायच्या आधी वाचते.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते रूपालीचं. मला का नाही, असं राजकुमार विचारेल. राजा, तू गाडी आधी बुक करतोस आणि मग ती दारात मावेल का ते बघतोस. वाईट वाटून घेऊ नकोस, कुकरची वाफ जायच्या आधी झाकण ओढणारा माणूस मी तुझ्याशिवाय दुसरा पाहिला नाही. वरणाचे डाग अजून छतावर आहेत.

कलम ३. दागिने. माझ्या सोन्याच्या पाटल्या कुणी शोधू नयेत. त्या मी फार पूर्वी मोडल्या आणि त्यातून लेथमशीनचा चक, म्हणजे लोखंड पकडून फिरवणारा जबडा, घेतला. माझी थोरली नणंद आत्याबाई आजतागायत सगळ्या नातलगांत सांगत आल्या की मी पाटल्या माहेरी दिल्या. आत्याबाई, पाटल्या घरातच होत्या. मागच्या शेडमध्ये गरगर फिरत होत्या, तुम्ही कधी तिकडं आलाच नाहीत.

कलम ४. तोफा. माझ्या तीन तोफा आहेत. हे ऐकून कुणी कपाळाला हात लावू नये. तिन्ही हौसेच्या, मी स्वतः लेथवर कातलेल्या, आणि त्यातल्या एकीतूनही आजवर गोळा सुटलेला नाही. नुसता बार असतो, आवाज आणि धूर. बारूद परवान्याच्या दुकानातून, बिलासकट, लागेल तेवढीच आणायची. घरात तिचा कण ठेवायचा नाही, आणि घरी बनवायची तर बातच काढायची नाही.

दर वर्षी पिशोरच्या शेतात एक बार काढायचा, त्याआधी सरकारी कचेरीत परवानगीचा अर्ज. पहिल्या खेपेला तिथल्या साहेबांनी विचारलं, "कारण काय लिहू?"

म्हटलं, "हौस."

"हौस कशातच बसत नाय, मॅडम. लग्न टाका, मिरवणूक टाका, नायतर नेत्याचा वाढदिवस टाका. लगेच होईल."

मी हौसच लिहायला लावलं. वेळ लागला, पण लिहिलं त्यांनी.

हौस मुळात माझे पती कालकथित पुंडलिकराव यांची. लग्नानंतर आम्ही दौलताबादचा किल्ला बघायला गेलो. बाकीचे नवरे नव्या बायकोला हात देऊन पायऱ्या चढवत होते. यांनी माझ्या हातात टेपचं एक टोक दिलं आणि वरच्या मोठ्या तोफेचा घेर मोजला. उतरताना म्हणाले, "लीला, अशी एक आपण करू. छोटीशी." आपण म्हणजे मी. ते कारकून माणूस, त्यांना पेन्सिलीला टोक करतानाही बोट कापायचं.

पहिली केली ती चिमणी, पितळेची, वीतभर. शहागंजातल्या एका ओतारी चाचांकडून पितळेचा गट्टू ओतून घेतला. त्यांनी विचारलं, "क्या बनाते बाजी इसका? नल?" म्हटलं, "तोप." चाचांनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाले, "अच्छा हुआ बोल दिए. नल समझके डालता तो हल्का डालता मैं."

दुसरी मामंजी, हातभर लांब. हे नाव सासऱ्यांवरून. ते वर्षभर गप्प असायचे, आणि बोलले की घरातली भांडी वाजायची. तिसरी, सगळ्यांत मोठी, भरीव पोलादाच्या दांड्यात भोक पाडून केलेली, बाभळीच्या गाड्यावर बसवलेली, ती आत्याबाई. नणंदेच्या कानावर हे नाव गेलं तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे पडले. पण त्या झेंडूचा हार घेऊन आल्या, तोफेला घातला, शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या भावानं माझी कदर केली." आत्याबाई, आता मी नाही तर स्पष्टच सांगते, ती कदर नव्हती. पण तोफ चांगली झाली आहे, एवढं मात्र खरं.

कलम ५. पुंडलिकरावांचा उजवा डोळा आणि दोन बोटं. ही मालमत्ता कुणाला वाटून देता येत नाही, पण तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत.

एका वर्षी पिशोरला मामंजी भरली, वात पेटवली, वात सरसरत आत गेली आणि बार झाला नाही. होतं असं कधीकधी. तेव्हा करायची गोष्ट एकच, ती म्हणजे काहीच करायचं नाही. सगळ्यांनी तोफेपासून लांब बांधलेल्या दोरीच्या मागं अर्धा तास गप्प उभं राहायचं. विस्तव आत दबा धरून बसलेला असतो, तो कधी उठेल सांगता येत नाही. अर्ध्या तासानं लांबूनच पाणी ओतायचं. हे सगळे नियम पुंडलिकरावांनीच सुरेख अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून बाभळीला टांगले होते. आणि त्याच पुठ्ठ्याखालून ते निघाले. "हॅट्, विझली मेली," म्हणाले आणि वाकून बघायला गेले.

मी ओरडले, "अहो!" त्यांनी मान वळवली, म्हणून एकच डोळा गेला.

पुढं जन्मभर सांगत राहिले, तोफेनं दगा दिला. कशाचा दगा आणि कशाचं काय! तोफ बिचारी जागच्या जागी होती, चालत तर हेच गेले होते. मला त्या माणसाचा राग यायचा. ते वारले त्या दिवशीही आला, आज लिहितानाही येतोय. उरलेल्या तीन बोटांनी ते माझ्यासाठी सकाळचा चहा गाळायचे, निम्मा ओट्यावर सांडायचे, आणि तो ओटा पुसताना मी रोज रडायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही.

कलम ६. राजकुमार आणि तात्यासाहेब. तात्यासाहेब हे आमच्या भागातले पुढारी. तीन निवडणुका हरले आहेत, पण मिरवणूक मात्र तिन्ही वेळा काढली आहे. या दिवाळीआधी ते घरी आले. शाल, नारळ, सोबत फोटोग्राफर.

"मावशी, यंदा शहागंजातून जंगी निघायचंय. तुमच्या तोफेचा एकच बार. लई नाय, एकच."

म्हटलं, "तात्यासाहेब, शहागंजात संध्याकाळी माणसाला उभं राहायला जागा नसते. तोफ कुठं ठेवता?"

"ट्रकवर."

"म्हणजे डीजेच्या?"

"व्हय. आवाजाला आवाज. वरून ड्रोन फिरवतो. आणि हे बघा, तुम्हाला रणरागिणी पुरस्कार बी देऊन टाकू. त्याच ट्रकवर."

"आणि बार नाही झाला तर?"

तात्यासाहेब हसले. "आमचं कार्टं आहे ना, लगेच बघंल वाकून."

मी हातातला कप खाली ठेवला. मी राजकुमारकडं बघितलं. वाटलं, हा तरी बापाचा डोळा आठवेल. तो म्हणाला, "आई, मी शब्द दिलाय त्यांना. तू असेपर्यंत नाही म्हण. पुढं बघू."

पुढं बघू! म्हणजे मी गेल्यावर. राजा, तू मनानं वाईट नाहीस. रात्रपाळी करून माझ्या पायाला तेल चोळणारा पोरगा आहेस. पण तुला "थांब" म्हटलं की ते शिवीसारखं लागतं, अगदी तुझ्या बापासारखं. आणि तू तोफ ट्रकवर चढवलीस, तर वाकून बघायला तात्यासाहेबांचं कार्टं जाणार नाही. तू जाशील. त्या दिवसापासून मला दुसरी कसलीही काळजी नाही. मरणाची तर नाहीच.

शाल मी ठेवून घेतली. मशीन पुसायला चांगली आहे.

कलम ७. रामकिसन शेजूळ. हे आमच्या सोसायटीचे चेअरमन, भिंतीला भिंत लागून घर. माझ्याविरुद्ध त्यांनी केलेल्या तक्रारींनी एक अलमारी भरेल. लेथचा आवाज, लोखंडाचा कीस, तेलाचा वास, आणि वस्तीत कधीही न उडवलेल्या तोफेचा आवाज. एका अर्जात लिहिलं, "अर्जदारास झोपेत बार ऐकू येतात." त्यांच्यामुळे माझ्याकडं तीनदा चौकशी आली. तिन्ही वेळा चौकशीवाले साहेब चिमणीबरोबर सेल्फी काढून गेले.

या माणसाशी मी कित्येक वर्षं बोलत नव्हते. पण एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. तक्रारी पक्क्या करायच्या म्हणून त्यांनी तोफेचे सगळे नियम पाठ केले. तोंडासमोर कुणी नको, मागंही नको कारण गाडा मागं उसळतो, एका बारानंतर ओला बोळा फिरवल्याशिवाय बारुदीची दुसरी पुडी नको, जवळ बिडी नको, मोबाईल नको. दर वर्षी ते स्वखर्चानं एसटीनं पिशोरला यायचे, माझी चूक पकडायला. सगळ्यांत लांब, बाभळीच्या बुंध्याआड उभे राहायचे, कानात कापूस आणि वर मफलर. मोठमोठे पाहुणे, माझे जुने विद्यार्थी, पोलीस पाटीलसुद्धा कधी ना कधी दोरी ओलांडून पुढं आले. शेजूळ कधीच आले नाहीत.

एकदा मी चिडून विचारलं, "एवढी भीती वाटते तर येता कशाला?"

ते म्हणाले, "भ्या वाटतं म्हणूनच येतो, ताई. तुमच्याकडं बाकी कुणालाच वाटत नाय."

तेव्हा मी तोंड फिरवलं. रात्री जेवताना मात्र हसू आलं.

कलम ८. चिमणी रूपालीला. टेबलावर कागद दाबायला ठेवावी. मामंजीचं तोंड मी पुंडलिकरावांना दवाखान्यातून घरी आणल्यावर शिसं ओतून बंद केलं. ती संघपालच्या गोठ्यापाशी उभी पुरलेली आहे, तिला बैल बांधतात. ती तशीच राहू द्यावी. सासरे असते तर त्यांनाही आवडलं असतं, त्यांना बैलांचं वेड होतं. आत्याबाई आणि लेथ ही दोन्ही एकाच माणसाकडं जातील. कोणाकडं, ते कलम दहामध्ये आहे. आतापासून एकमेकांची तोंडं बघू नयेत.

कलम ९. बार. परवानगी वकीलबाई आणतील. आत्याबाईत भरायची पुडी मी स्वतः बांधून, वर सही करून, पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. डबा संघपालकडं आहे. भरायचं आणि बत्ती द्यायची ती फक्त त्यानं. लहानपणी मला सापाची भीती वाटायची तेव्हा तो पुढं चालायचा, आता एवढं शेवटचं करेल.

दोरी नेहमीच्या जागी बांधावी. सगळे दोरीमागं. भाषण कुणाचंही नको. तात्यासाहेबांना बोलावलेलं नाही, म्हणजे ते येतीलच. त्यांनाही दोरीमागंच उभं करावं आणि माईक दिसला तर काढून घ्यावा. आत्याबाईंना, म्हणजे माणसातल्या, खुर्ची द्यावी. पुंडलिकरावांचा पुठ्ठा मी जपून ठेवला आहे, तो बाभळीला टांगावा. संघपालनं बत्ती द्यायच्या आधी वकीलबाईंनी तो मोठ्यानं वाचावा, अर्ध्या तासाच्या नियमासकट. कळलं नाही असं नंतर कुणी म्हणू नये.

इथं वाचन थांबवावं आणि बत्ती द्यावी.

कलम १०. (हे पान बत्ती दिल्यापासून अर्धा तास झाल्याशिवाय उसवू नये.)

झाला का अर्धा तास? शेजूळांना कानातला कापूस काढायला सांगा. मग वाचा.

बार झाला नाही. होणारच नव्हता. त्या पुडीत बारूद नाही, चहापत्ती आहे. घरातलीच, दाणेदार. काळी असते, सहीच्या कागदात बांधली की ओळखू येत नाही. संघपाल, तुला सांगितलं नाही म्हणून रागावू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही, तू बत्ती देतानाच हसला असतास. तोफ नीट धुऊन घे.

माझ्या माणसांनी माझ्यासाठी अर्धा तास गप्प उभं राहावं, यासाठी मला मरावं लागलं. असो, उभे राहिलात, बरं वाटलं. जे राहिले नाहीत त्यांना सगळ्यांनी बघितलंच आहे.

तात्यासाहेब पुढं जाऊन तोफेशेजारी फोटो काढून आले असतील, तर त्यांनी तो बॅनरवर अवश्य लावावा. खाली लिहावं, चहापत्तीपुढं निर्भय.

राजा, तू दोरीमागं थांबला असशील तर आत्याबाई तुझी आणि लेथही तुझा. मग माझी कसलीही अट नाही. तुझ्या बापाला जमलं नाही ते तुला जमलं, आता ही तोफ तू शहागंजात नेणार नाहीस हे मला सांगायची गरज नाही.

तू पुढं गेला असशील, तर आत्याबाई आणि लेथ दोन्ही रामकिसन शेजूळ यांना. ते "मला नको" म्हणून ओरडतील. त्यांना नको आहे म्हणूनच त्यांना देते. शेजूळ, तोफ उडवायची नाही, नुसती सांभाळायची. कुणी मिरवणुकीसाठी मागायला आलं तर तुम्हाला जे येतं ते करा, अर्ज लिहा. आणि झोपेत बार ऐकू आला तर उठून बघा, ती जागेवरच असेल.

राजा, तू गेला असशील तर आत्ता तुझी मान खाली असेल, सगळे तुझ्याकडं बघत असतील. मलाही वाईट वाटतंय, हे लिहिताना तुझं लहानपणचं तोंड डोळ्यांसमोर येतंय. पण जरा हात वर कर आणि बोटं मोज. सगळी आहेत. आणि ती तू दोन्ही डोळ्यांनी मोजतोयस.

ही पुडी तुझ्या आईनं बांधली होती, राजा. पुढची दुसरं कुणीतरी बांधेल.

वरील मजकूर वकीलबाईंनी मला वाचून दाखवला. मी ऐकला, समजले, मधे दोनदा त्यांना हसू आवरेना तेव्हा पाणी दिलं. खाडाखोड नाही. शेजूळांना साक्षीदार करायचं मनात होतं, पण ज्याला काही मिळण्याचा संभव आहे त्यानं साक्षीला सही करू नये असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून त्यांना काही कळू दिलेलं नाही.

ठिकाण: बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
तारीख: २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

लिहून ठेवणार:
(सही) लीलाबाई पुंडलिक हिवराळे

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष लीलाबाईंनी सही केली आणि ज्यांनी त्यांच्यासमक्ष सही केली:

१. (सही) सुदर्शन बनसोडे, निवृत्त निदेशक, फिटर ट्रेड. सही करताना आत्याबाई खोलीतच होती. तोंड भिंतीकडं होतं, खात्री करून घेतली.

२. (सही) संस्कृती गवई, शिक्षिका, शेजारी. कलम दहा वाचल्यावर मला चहा विचारला गेला. मी नको म्हटलं.